विमानाला ‘येऊ दे’

बारामती स्टँडवर निमगाव केतकीच्या गाडीची वाट बघत दोघं शेजारी बोलत होते.

“पोलिसांनी रेडिओ ठिवून घेतला, गफूरभाई.”

“घेणारच! विमानाशी बोलायचा रेडिओ तो, तात्या. लायसन हाय का तुमच्याकडं?”

“ऑनलाइन मिळाला. नुसतं ऐकायला घेतलेला.”

“मग बटन दाबून बोललात कशापायी?”

“शिकाऊ पोरगी विमान उतरवत हुती. मला विमानतळाच्या कुंपणापासनं वाकडं दिसलं. म्हणलं, येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडं घे.”

“वा! विमान म्हंजी उसाची ट्रॉली वाटली व्हय? मग, उतरली का ती?”

“न्हाय. परत वर गेली.”

“शहाणी हाय. तुमच्या ह्याच ‘येऊ दे’वर माझी ट्रॉली पाण्याच्या चारीत गेली. ट्रॅक्टरला वर जाता येत न्हाय, तात्या.”