गाडीतले पऱ्हे

आमच्या बाबांची जुनी गाडी काहून विकली नाही, ते सांगतो. पाऊस लागल्यापासून ती मोहाडीच्या घरी धानाच्या कोठीजवळ उभी होती. बाबा रोज संध्याकाळी तिच्यात बसत अन् स्टेअरिंग धरून डोळे मिटत. मी विचारलं, "कुठी गेलते बाबा?" तं म्हणत, "लाखांदूरले."

एक दिवस लाखनीहून एसटीनं गिऱ्हाईक आलं. चाबी फिरवली. सेल्फ बराबर लागे, पण गाडी झोपेत बडबडल्यावानी करे, चालू काही होईना. पेट्रोल येऊन राहिलं होतं, प्लगले ठिणगीही होती. म्हणलं, हवाच अडली असंल. एअर फिल्टरचा डबा उघडला. उंदरानं त्यात धान भरून ठेवलेलं, अन् ओलीनं त्याले पिवळे, कोवळे कोंब फुटलेले.

गिऱ्हाईक शेतकरी माणूस. त्यानं कोंबावर हलकेच बोट फिरवलं.

"हे तं पऱ्हे निघाले जी! रोवणी होऊ द्या, मंग पाहू."

अन् हसत हसत स्टँडकडे चालला गेला.

मी डबा साफ कराले लागलो, तं बाबांनी हात धरला. "राहू दे." मंग गाडीत बसले, डोळे मिटले.

"आता कुठी, बाबा?"

"त्याले लाखनीले सोडून येतो."