अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

टाळ खाली ठेवा मंडळी, हाताला विसावा द्या. आता काम कानाचं आहे! एक प्रश्न विचारतो. दोन माणसं, मधे एक बंद दार. एकाच्या हातात किल्ली, दुसऱ्याच्या डोक्यावर सामान. विश्वास आधी कुणी टाकायचा? किल्लीवाल्यानं, की सामानवाल्यानं?

मागून आवाज आला— सामानवाल्यानं! का हो? शहरात घर भाड्यानं दिलंय वाटतं? बरं, बसा निवांत. आजची कथा तुमचीच आहे.

उमाकांत हलगे नावाचा एक गृहस्थ. मूळचा औशाकडचा, नोकरीला बडोद्याला. माणूस सज्जन. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला कंस समजून बसाल! पोटाला चिमटा घेऊन त्यानं लातुरात, क्लासेसच्या भागात, एक इमारत बांधली. चार बिऱ्हाडांची. आता तिथं भाडेकरू कोण? खेड्यापाड्यातल्या आया! बाप गावाकडं शेत बघतो आणि आई लेकराला घेऊन शहरात खोली करून राहते. अकरावी आणि बारावी, दोन वर्षं. लेकरू डॉक्टर व्हावं म्हणून ही माउली दोन वर्षं आपला संसार अर्धा करते.

पण उमाकांतच्या पोटात एक भीती होती. त्याच्या चुलत्याच्या घरात एक भाडेकरू शिरला, तो शिरलाच. चुलते वारले, भाडेकरू तिथंच! लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून यानं नियम केला. भाड्याचा कागद अकरा महिन्यांचा, हे तर सगळेच करतात. संपला की नवा करतात. हा म्हणाला, नवा करायचाच नाही. अकरा महिने झाले की बिऱ्हाड बाहेर— चांगलं असो, वाईट असो. एजंट होता माधव, त्याला सांगितलेलं, "मला नाव-गाव सांगू नकोस. तारीख तेवढी सांग."

आणि लक्ष कसं ठेवायचं? कॅमेरा! एक जिन्यात, एक गच्चीवर. हा बडोद्यात जेवता जेवता मोबाईलवर लातूरची गच्ची बघायचा. त्याची बायको शैलजा म्हणायची, "तेवढं कधी माझ्याकडं बघा." हसताय काय, तुमच्या घरी तरी दुसरं काय चाललंय!

पण बघून होतं काय? गच्चीवरचा नळ गळतोय, दिसतंय. टाकी वाहून चाललीय, दिसतंय. बाया येतात, वाळलेले कपडे काढतात, नळाला वळसा घालून जातात. फोन केला तर उत्तर काय? "आम्ही तर संक्रांतीनंतर चाललो साहेब, नव्या माणसाला सांगा." प्लंबर पाठवला की महिनाभर बरं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. ओल भिंतीत उतरली, पोपडे निघाले. आयुष्याची कमाई त्या भिंतींत घातलेली, जीव तुटायचा हो त्याचा. म्हणायचा, "लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची कदरच नाही." मंडळी, कॅमेऱ्याला डोळा असतो, हात नसतो. नळ बंद करायला हातच लागतो!

अशात जानेवारीत एक फोन आला. खालच्या मजल्यावरच्या कमलबाई केंद्रे. अहमदपूरकडच्या. लेक प्रणिता बारावीला.

"साहेब, माझे अकरा महिने भरत आलेत. पोरीची परीक्षा तोंडावर हाय. मे महिन्यापर्यंत ऱ्हाऊ द्या."

"ताई, नियम सगळ्यांना सारखा. एकीला सोडलं की चौघी मागतील."

बाई रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. मंडळी, भांडणारा माणूस परवडतो. नुसतं 'बरं' म्हणणारा रात्रंदिवस कानात बसतो!

आता काय झालं बघा. रविवार होता. बडोद्याच्या घरात उमाकांत स्टुलावर उभा, हातात पान्हा, न्हाणीतला नळ दुरुस्त करतोय. समोर फळीवर मोबाईल, मोबाईलवर लातूरची गच्ची, आणि तिथला नळ धो धो. तोंडानं पुटपुटणं चालू— काय माणसं आहेत! शैलजा दारात येऊन उभी राहिली.

"हा नळ कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? घरमालकाचा. जयंतीभाईंचा."

होय मंडळी! लातुरात मालक, पण बडोद्यात हा स्वतः भाडेकरू. लग्न झाल्यापासून त्याच घरात. दर अकरा महिन्यांनी म्हातारे जयंतीभाई यायचे, चहा प्यायचे, नव्या कागदावर सही करायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून जायचे.

शैलजा म्हणाली, "मग त्यांचा नळ तुम्ही का दुरुस्त करताय?"

"अगं, आपल्यालाच राहायचंय ना इथं."

बोलून गेला. आणि पान्हा हातातल्या हातात राहिला.

शैलजानं फळीवरच्या मोबाईलकडं बोट केलं. "आणि तिथं कुणाला राहायचंय? तुम्ही राहू कुणाला देताय?"

आता सांगा, या बाईला कीर्तनाला उभं करावं की नाही? माझं काम तिनं स्टुलाखाली उभं राहून केलं!

उमाकांतनं माधवला फोन लावला, "कमलबाईंना राहू दे." माधव म्हणाला, "नव्या पार्टीला मी दुसरी खोली देतो, पण ती बाई उद्या सकाळीच चाललीय." बाईला लावला, तर फोन बंद. लागेल कसा? फोन पोरीकडं आणि पोरगी क्लासात! पोरीचं वर्ष गेलं तर कोणत्या तोंडानं निजायचं? पिशवी उचलली आणि गाडीत बसला.

सकाळी पोचला, तर दारात टेम्पो. गाद्या चढल्या, गॅस चढला. पायरीवर प्रणिता पुस्तकात डोकं घालून बसलेली, कारण सामान कुणाचंही हलो, परीक्षा हलत नाही. कमलबाई एकटीच लोखंडी पेटी ओढत होती. याला बघून म्हणाली, "दादा, जरा हात लावता का?"

तिनं मालक कधी बघितलाच नव्हता! आणि यानं? पेटीला हात लावला. मालकानं स्वतः आपल्या भाडेकरणीची पेटी टेम्पोत चढवली! सवयीचा माणूस, सांगितलेलं काम आधी करतो. मग घाम पुसत म्हणाला, "कुठं चाललात?"

"रुळापलीकडं खोली मिळालीय. गोंगाट हाय, पण काय करता."

"ताई, पेटी खाली घ्या."

"आता तर चढवली. तुम्ही कोण म्हणायचे?"

"मी उमाकांत हलगे. माझं चुकलं. तुम्ही जाऊ नका. कागद नवा करू, आणि पुढंही करत राहू."

कमलबाईनं पदर सारखा केला. मला वाटलं, आता हात जोडेल. तुम्हालाही वाटलं ना? नाही! ती म्हणाली, "माझं ठीक हाय साहेब, माझे चार महिने राहिलेत. वरच्या सावित्राबाईचं लेकरू अकरावीला हाय. तिचं काय?"

स्वतःचं सामान टेम्पोत चढलेलं, पण बाईच्या तोंडी आपल्याआधी शेजारणीचं! उमाकांतचे डोळे भरून आले. म्हणाला, "चौघींचंही. ज्याला राहायचं, त्यानं लेकराचं शिक्षण होईपर्यंत राहायचं." तेव्हा कुठं प्रणितानं पुस्तक मिटलं आणि पेटीचं दुसरं कडं धरलं.

उमाकांत बडोद्याला परतला. दूरच राहिला, नोकरी थोडीच सुटते! पण आता महिन्यातून एकदा चौघींना फोन करतो आणि आधी लेकरांचं विचारतो. आणि बाया म्हणतात, "भिंतीला ओल दिसली साहेब, आम्ही बघून घेतो."

तर मंडळी, विश्वास आधी कुणी टाकायचा? ज्याच्या हातात किल्ली, त्यानं! सामानवाला कुठून टाकेल? त्याचे दोन्ही हात गुंतलेले!

आता मघाशी मागून बोलले ते दादा, इकडं बघा. हा साडेतीन हाताचा देह घेऊन तुम्ही बसलाय, हे घर तुमच्या नावावर आहे? नाही. यात किती तोडफोड केली आपण? तंबाखूनं भिंती काळ्या केल्या, रागानं दारं खिळखिळी केली. मालक बघतोय, त्याला तर सगळंच दिसतं. तरी आज सकाळी डोळे उघडले ना? तो त्यानं केलेला नवा कागद होता! एकदा तरी म्हणाला का तो, नियम म्हणजे नियम?

मग तुमच्या दारात सामान घेऊन जो उभा आहे, त्याला घरी गेल्यावर काय सांगणार आहात?