मुक्ताबाईचं रडणं

अच्युत : आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? पडदा गुंडाळून जीपमध्ये टाकल्यावर?

जालिंदर : हळू बोल. शाळेच्या खिडक्यांना काचा नाहीत.

अच्युत : काल आपली फिल्म चालू असताना माणसं मधेच उठून गेली तेव्हा मला वाटलं, कंटाळली. सुरुवातीला तर काय हसत होती! बैलाचं तोंड दिसतंय आणि आवाज येतोय खडी फोडायचा. कुणीतरी ओरडलंसुद्धा, "आरं, बैलाच्या पोटात दुष्काळी काम निघालंय!" मी खूश झालो होतो. पुण्यात त्या जागी एकजणही हसला नव्हता.

जालिंदर : बैलापर्यंत ठीकच होतं.

अच्युत : मग झुंबरबाईचा चेहरा आला.

जालिंदर : आणि त्यावर तिच्या विधवा जावेचं, मुक्ताकाकूचं रडणं आलं.

अच्युत : अरे, पण आपली सगळी फिल्मच तशी आहे! चित्रानं एक सांगायचं, आवाजानं दुसरं. दोघांनी एकमेकांच्या मागं फरफटत जायचं नाही. हे तुझं-माझं ठरलेलं होतं.

जालिंदर : ठरलेलं होतं. पण झुंबरकाकूचा नवरा जिवंत आहे, अच्युत. कपाळभर कुंकू लावलेली बाई पडद्यावर दिसतेय आणि आवाज येतोय, "धनी, मला कुनाच्या दारात टाकून गेलात?" सगळ्या गावासमोर. तिच्या पोरींसमोर.

अच्युत : तिचे ओठसुद्धा हलत नाहीत त्या शॉटमध्ये.

जालिंदर : ओठ कोण बघतंय? ती माझ्या पुढंच बसली होती. तिनं आधी कपाळाला हात लावला, कुंकू आहे का बघायला. मग उठली आणि पोरींना ओढत घेऊन गेली. आज पहिल्या एसटीनं पुणतांब्याला निघून गेलीय.

अच्युत : पुणतांब्याला कशाला?

जालिंदर : तिचा नवरा, बन्सीकाका, तिथं पेरूच्या बागेत कामाला आहे. तो धडधाकट आहे का, हे डोळ्यांनी बघायला.

अच्युत : एका फिल्ममुळं? ही शुद्ध अंधश्रद्धा झाली.

जालिंदर : ते पुण्यात गेल्यावर म्हण. इथं नको.

अच्युत : थांब. एक विचारू? आपण हे जोडत होतो, तेव्हा हे असं होईल हे तुला ठाऊक होतं?

जालिंदर : जीप काढ आधी.

अच्युत : जालिंदर, मी पुण्यात वाढलो. मला नसेल कळलं. तू ह्या गावचा. तुला ठाऊक होतं?

जालिंदर : होतं.

अच्युत : मग बोलला का नाहीस, लेका?

जालिंदर : तू मला मिठी मारलीस म्हणून. "कुंकू आणि हंबरडा! जालिंदर, तू नुसता रेकॉर्डिंगवाला नाहीस, कलावंत आहेस!" असं म्हणालास. आवाजाच्या माणसाला कोण म्हणतं रे असं? मला वाटलं, आता जर म्हणालो की हे आमच्याकडं चालत नाही, तर पुन्हा खेडवळ ठरेन. गप्प बसलो. आणि काल त्याच मशीनशेजारी बसून ऐकत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं सकाळी चहा दिला, तो तोंड फिरवून.

(मुक्ताबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहते.)

मुक्ताबाई : निगालात व्हय? जीप भरलेली दिसती.

जालिंदर : काकू! या ना. आत या.

मुक्ताबाई : हितंच बरी हाय. हे कोन, पिच्चरवालं सायेब?

अच्युत : नमस्कार. मी अच्युत. बसा ना तुम्ही.

मुक्ताबाई : बसायला न्हाई आले. जालिंदर, तू माजं रडनं कवा घेतलंस?

जालिंदर : काकू, ते... रंभाजीकाका गेले तेव्हा.

मुक्ताबाई : ते समजलं. हिरीची दरड त्यांच्या अंगावर आली आन त्यांला दारात आनून ठिवलं, तवा मी रडले. दुसरं कवा रडले मी? पर तू कुटं हुतास? मला तर तू दिसला न्हाईस.

जालिंदर : गोठ्यात होतो. भिंतीआड. खडीचा आवाज घ्यायला म्हणून मशीन आणलं होतं.

मुक्ताबाई : भितीआड. आमाला वाटलं, पोरगं पुन्याहून मातीला आलं. तुज्या आयला मी म्हनले बी, जालिंदरनं मान ठिवला.

जालिंदर : काकू, माझं चुकलं.

मुक्ताबाई : मी असं रडले हुते, हे मला ठाव नव्हतं. मानूस रडतं तवा सोताला ऐकतं व्हय? काल ऐकलं. आंगावर काटा आला. आधी वाटलं, कोन ही बया एवडी रडतीया? मंग कळलं, ह्यो आवाज माजाच. आन वर बगते तर तोंड माज्या जावंचं!

अच्युत : बाई, दोष जालिंदरचा नाही. ती जोडणी माझी. मला दाखवायचं होतं की दुःख एकीचं नसतं, सगळ्यांचं असतं. म्हणून...

मुक्ताबाई : सगळ्यांचं कसं असंल, सायेब? माजा नवरा गेला. तिचा पुनतांब्याला पेरू तोडतोय.

अच्युत : हो. खरं आहे.

मुक्ताबाई : माजं तोंड का न्हाई घेतलं?

अच्युत : आम्ही चित्रीकरणाला आलो तेव्हा तुम्ही खडीवर नव्हता.

मुक्ताबाई : कशी असंल? घरात कोपरा धरून बसले हुते. नवी रांडाव बाई फोटूम्होरं येती व्हय? पर तुमी घरला येऊन इचारायचं तरी.

अच्युत : खरं सांगू का? विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. झुंबरबाईंचा चेहरा मिळाला होता. उन्हात ते कुंकू इतकं... मला ते चांगलं दिसलं. बस, एवढंच. आता तुमच्यासमोर हे बोलायची लाज वाटते.

मुक्ताबाई : वाटू द्या. मला काल लई वाटली.

जालिंदर : तुम्हाला का, काकू? तुम्ही काय केलं?

मुक्ताबाई : काय केलं? आरं, मी ऱ्हाते कुनाच्या घरात? बन्सीभावजीच्या. खाते कुनाच्या चुलीवरचं? झुंबरच्या. पोटी लेकरू न्हाई. तरी त्या बाईनं आजवर मला एक वाकडा शबूद बोलला न्हाई. आन काल गावात बाया काय म्हनत हुत्या, ऐकलंस? म्हनं, मुक्तीनं आपलं रांडपन जावंच्या पदरात टाकलं. म्हनं, हिनंच जालिंदरला सांगितलं आसंल.

जालिंदर : असं म्हणाल्या?

मुक्ताबाई : झुंबर काय बोलली न्हाई. सकाळी भाकरी बांदून घेतली, पोरींला तुज्या आयकडं ठिवलं. एरवी माज्यापाशी ठिवती. जाताना मी म्हनले, मी येऊ का संगं? तर म्हनली, "तुमी नगा येऊ. मी येस्तवर माज्या धन्याच्या कपड्याला बी हात लावू नगा." येवडंच.

अच्युत : बाई, मी ती फिल्म जाळून टाकतो. इथं, तुमच्यासमोर. तो भाग कापतो आणि जाळतो. जालिंदर, काढ तो डबा.

मुक्ताबाई : जाळून काय हुतंय? बगनाऱ्यांचं डोळं जाळनार व्हय? बायांला म्या सांगितलं, ह्ये माज्या ध्यानीमनी बी नव्हतं, पर न्हाई पटलं. पिच्चरनं मानूस मरत न्हाई, हे मला बी कळतं, सायेब. झुंबरला बी कळतं. पर तिच्या जिवाला लागलंय. ती रोज माज्याकडं बगनार आन तिला त्येच ऐकू येनार. मंग मी कुटं जाऊ? म्हायारात कोन हाय?

जालिंदर : मी झुंबरकाकूचे पाय धरतो.

मुक्ताबाई : धर. पर त्यानं गावाचं तोंड बंद हुत न्हाई. मी म्हनते तसं करा. त्यो पडदा पुन्यांदा लावा. सांजच्या एसटीनं झुंबर भावजीला घिऊनच येईल. मी तुज्या आयला सांगितलंय, बायांला बोलवून आन म्हनून.

अच्युत : पुन्हा दाखवायची? तीच फिल्म?

मुक्ताबाई : पिच्चर नगं. नुसता त्यो उजेड सोडा पडद्यावर. काय दावू नगा. पडद्याम्होरं मी बसते. आन माजं रडनं वाजवा. पैल्यापासून, समदं. लोकांला दिसंल, कुनाचं हाय ते.

जालिंदर : काकू, सगळ्या गावासमोर? बायका काय म्हणतील? पुन्हा ते सगळं ऐकायचं तुम्ही?

मुक्ताबाई : ऐकते की. माजंच हाय. जावंच्या तोंडात गेलंय, ते माज्या तोंडात माघारी घेते. झुंबरनं बसून बगावं, शेजारी भावजीला बसवून. मंग तिला वाटंल तसं करंल.

अच्युत : उजेडात एकट्या तुम्ही. मागं पांढरा पडदा. आणि तुमचाच आवाज...

जालिंदर : अच्युत.

अच्युत : काय?

जालिंदर : तुझा हात कॅमेऱ्याच्या पेटीवर आहे.

अच्युत : ...सवय रे. शरम वाटते माझी मलाच. घे, ही पेटी तुझ्या आईकडं नेऊन ठेव. उद्या सकाळपर्यंत मला देऊ नकोस.

मुक्ताबाई : मंग लावताय न्हवं पडदा?

अच्युत : लावतो. मी स्वतः लावतो.

जालिंदर : मी मशीन मागं ठेवतो, काकू. भिंतीपाशी. म्हणजे तुम्हाला माझी अडचण व्हायची नाही.

मुक्ताबाई : भितीपाशी नगं. तवा बी भितीआडच हुतास. आज म्होरं बस, मला दिसंल आसा.