दुसऱ्या पियानोवरच्या बाई

"बाई, तुम्ही मैफिली करणं का सोडलंत?"

संगीतशाळेत प्रवेश घ्यायला आलेल्या पोरीनं मैत्रिणींशी लागलेल्या पैजेपायी विचारून टाकलं. अर्धवट उघड्या दाराबाहेर आई-बाबा कान टवकारून बसले होते; पोरगी इथे शिकणार की नाही, ते त्यांना आजच हवं होतं.

"धीट आहेस! अगं, इथे विद्यार्थी मुख्य पियानोवर, मी दुसऱ्यावर. सरावाला वाद्यवृंद कुठून आणायचा? म्हणून त्याचा भाग वर्षानुवर्षं मीच वाजवते."

"मग?"

"मग मला मोठ्या मैफिलीचं बोलावणं आलं. मुख्य पियानोवर मी, मागे अख्खा वाद्यवृंद. माझी सुरुवात करायची जागा आली, आणि मी वाट बघत बसले."

"कुणाची?"

"विद्यार्थ्याची! तो तिथे नव्हताच, तरी मान हलवून त्याला खूणसुद्धा केली."

"बापरे! रडलात?"

"आधी हसले, मग रडले. की उलटं? नक्की आठवत नाही बघ."

"म्हणजे शिकवण्यानं तुमचं भलं झालं की वाटोळं?"

"तेच तर कळत नाही गं."

पोरगी गोंधळूनच बाहेर आली.

"ऐकलं सगळं," आई म्हणाली. "त्यापेक्षा डॉक्टर हो, पोरी."

"नाही. मी प्रवेश घेतेय. पण आठवड्यातून एकदा दुसऱ्या पियानोवर मी बसणार, आणि मुख्य पियानोवर बाई."