पहिलीच्या पोरांनी ठेवायची नावं

डॉक्टर : आधी नेलेले आणि इथले आठ धरून एकोणचाळीस ससे.

ओसानाई : तेवढेच आहेत.

डॉक्टर : काका, गेल्या महिन्यात मी एकेकाच्या कानात आकडा घातलाय. एकपासून एकेचाळीसपर्यंत. सतरा आणि बावीस दिसत नाहीत.

ओसानाई : यंदा बर्फ फार पडलं. गेले असतील.

डॉक्टर : असतील?

ओसानाई : गेले.

डॉक्टर : या सशाघराच्या मागे तुम्ही मेलेल्या प्रत्येक सशाची फळी रोवता. चौतीस वर्षं रोवताय. मी आत्ताच मागे जाऊन आले. नवी फळी एकही नाही.

ओसानाई : बर्फाखाली असतील फळ्या.

डॉक्टर : जुन्या वर दिसतात आणि नव्या तेवढ्या बर्फाखाली?

ओसानाई : चहा घेता? किटली स्टोव्हवरच आहे.

डॉक्टर : घेते. आणि तुमच्या स्वेटरला वाळलं गवत लागलंय.

ओसानाई : सशांत राहणारा माणूस मी. गवत नाही लागणार तर काय अत्तर लागणार?

डॉक्टर : इथे आपण गेल्या आठवड्यात गवत काढून भुसा टाकला. टाके ओले होऊ नयेत म्हणून. तुम्हीच पोती वाहिलीत.

ओसानाई : साकाकी डॉक्टरीणबाई, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर की पोलिसात आहात?

डॉक्टर : कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, काका. कुठे आहेत दोघं?

ओसानाई : साखर नाहीये. चालेल?

डॉक्टर : काका.

ओसानाई : घरी. सफरचंदांच्या कोठीत. ऊब आहे तिथे, आणि दोन खोकी वेगळी ठेवलीत. एकत्र नाही ठेवलेले. मी काही अडाणी नाही.

डॉक्टर : एक नर, एक मादी.

ओसानाई : हं.

डॉक्टर : एकत्र कधी करणार होता?

ओसानाई : पंचवीस तारखेला. दरवर्षीसारखं.

डॉक्टर : म्हणजे पुढच्या मंगळवारी. हे दरवर्षीचं काय आहे ते मला एकदा नीट सांगा. तुम्ही नुसतंच 'दरवर्षीसारखं' म्हणता.

ओसानाई : त्यात सांगण्यासारखं काय आहे? मी इथे शिपाई म्हणून लागलो तेव्हा शाळेत एकशे साठ पोरं होती. नर त्या बाजूला, माद्या या बाजूला, मध्ये भिंत. वर्षातून एकदाच, पंचवीस फेब्रुवारीला, एक नर एका मादीकडे सोडायचा. एकतीस दिवसांनी पिल्लं. आणखी दहाबारा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. बरोबर तेव्हाच एप्रिलमध्ये पहिलीची पोरं पहिल्यांदा शाळेत येतात. आईचा हात सुटत नसतो, नाक वाहत असतं. त्यांना मी सरळ इथे आणायचो. एकेका पिल्लाचं नाव एकेकानं ठेवायचं. मग रडं थांबायचं.

डॉक्टर : पोरं जास्त झाली तर?

ओसानाई : तर दोघांत एक. पिल्लं जास्त झाली तर पोरं घरी न्यायची. कमी-जास्त कधी झालंच नाही हो तीस वर्षं. मग पोरं यायची थांबली.

डॉक्टर : आणि तुम्ही नर सोडायचे थांबला नाहीत.

ओसानाई : पहिल्या वर्षी वाटलं, यंदा नाही तर पुढच्या वर्षी कुणीतरी बदली होऊन येईल. टपाल कचेरीत नवा माणूस येईल, त्याचं एखादं पोर असेल. पोर आलं आणि पिल्लूच नाही, असं नको व्हायला. पिल्लं झाली आठ. पोर एक नाही. दुसऱ्या वर्षी परत आठ. नेणारं कुणी नाही. मग ह्यांनी भिंतीखालून बोगदा काढला, आणि पुढची मोजदाद माझ्या हातात राहिली नाही.

डॉक्टर : बारांना नाव आहे, एकोणतीस बिननावाचे. कार्डं भरताना माझ्या लक्षात आलं. विचारलं तर तुम्ही म्हणालात, नंबरच लिहा.

ओसानाई : नाव ठेवणं माझं काम नाही. नाव पहिलीच्या पोरांनी ठेवायचं.

डॉक्टर : आता मी बोलते. ऑक्टोबरात मला फोन कुणी केला?

ओसानाई : मी.

डॉक्टर : का?

ओसानाई : तुम्हाला माहितेय.

डॉक्टर : तुमच्या तोंडून ऐकू दे.

ओसानाई : सोमवार नावाची सशीण गेली म्हणून. दोन दिवस खात नव्हती. माझ्या मांडीवर गेली. तुम्ही फाडून बघितलंत आणि म्हणालात, गर्भाशयात गाठी होत्या.

डॉक्टर : आणि ऑपरेशन झालं असतं तर ती अजून तीनचार वर्षं तुमच्या बुटाच्या नाड्या कुरतडत बसली असती, हेही म्हणाले. तेव्हा तुम्ही या कोपऱ्यात उभे राहून म्हणालात, सगळ्यांचं करून टाका. अकरांचे कान फाटलेले होते. भांडून भांडून. ते टाके मी घातलेत, काका.

ओसानाई : म्हणून तर दिले ना. एकोणचाळीस दिले. एवढी ऑपरेशनं तुम्ही सुट्ट्या टाकून केलीत, मी काय आंधळा आहे? जुन्या पोरांना पत्रं मीच लिहिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी एकशे बारा लिहिली.

डॉक्टर : आणि मला वाटलं होतं, चारपाच उत्तरं येतील. वीस घरं आली. प्रत्येक घरी दोन-दोन, फक्त जिथे आधीच एक ससा आहे तिथे एक. पार सेंदाईहून माणूस आला.

ओसानाई : आला ना. मग दोन राहिले तर कुणाचं काय बिघडतं? ही ओळ शाळेतल्या पहिल्या जोडीपासून चालत आलीय. मी हातानं तोडू का?

डॉक्टर : बिघडतं असं. बाराचे एकेचाळीस व्हायला तीनच वर्षं लागली, दोनाचेही होतील. परत झाले तर मी येईन, मला चैन पडत नाही. पण ती वीस घरं परत कुठून आणायची? त्यांनी एकदा उघडलेलं दार दरवेळी उघडणार नाहीत.

ओसानाई : यावेळी नीट बघेन.

डॉक्टर : तुम्ही मागच्या वेळीही नीटच बघत होता. पिल्लं कुणासाठी हवीत, सांगा.

ओसानाई : कुणी आलं तर.

डॉक्टर : शाळा एकतीस मार्चला बंद होतेय.

ओसानाई : माहितेय. कुलूप मीच लावणार आहे.

डॉक्टर : बसा. चहा तुम्ही घ्या, मला नको.

ओसानाई : दोन पोरं आहेत सहावीत. ती पास झाली की झालं. मग या डोंगरात जन्माला येणारं काही उरणारच नाही हो. मार्चच्या वीस तारखेला हेडमास्तरांनी समारंभ ठेवलाय, टाऊन हॉलवाले भाषणं करतील, सगळे माना हलवतील. मला ते सगळं मान्य आहे. फक्त कुठेतरी, काहीतरी डोळे उघडावेत एप्रिलमध्ये. एवढंच.

डॉक्टर : मी तुमच्याकडून ओढून नेणार नाही. तुमचे ससे, तुमची कोठी. पण सही करून 'एकेचाळीसच्या एकेचाळीस झाले' असं ससे नेणाऱ्या लोकांना मी सांगायचं होतं. खोटं मी सांगणार नाही.

ओसानाई : गाडी आली वाटतं.

डॉक्टर : मायुमीबाई असतील. आओमोरीच्या. आठवतात?

ओसानाई : न आठवायला काय झालं? चमचा.

(दार सरकतं. लाल टोपीची, पाठीवर पिशवी लावलेली एक सहा वर्षांची मुलगी आत येते आणि मागे न बघता दार तसंच उघडं टाकते.)

कोतोने : शिपाईआजोबा तुम्हीच का?

ओसानाई : मीच. दार लाव आधी, बाई. थंडी आत येतेय. आई कुठाय?

कोतोने : आई तिचा जुना वर्ग बघायला गेली. तिला रडायचं असेल म्हणून मी नाही गेले. मी कोतोने. ससे न्यायला आलोय आम्ही.

डॉक्टर : छान. नियम वाचलेत का घरी?

कोतोने : पाठ केलेत. दोन न्यायचे, एक नाही, कारण एकटा ससा उदास होतो. घरात ठेवायचे. कान धरून उचलायचं नाही. पिल्लं होणार नाहीत आणि होऊ द्यायची नाहीत. कंटाळा आला तर रस्त्यावर सोडायचे नाहीत, डॉक्टरांना परत द्यायचे. पण मला कंटाळा येणार नाही.

डॉक्टर : आणि वायर?

कोतोने : बाबांनी सगळ्या वायरी उचलून कपाटावर ठेवल्या. आता आमचा टीव्ही चालत नाही.

ओसानाई : बरं केलं. बघ, हे दोन तुझे. दोघी माद्या आहेत, एकमेकींची पाठ सोडत नाहीत. टाके भरलेत. ही पांढरी सहा वर्षांची, हिचं नाव भाकरी... म्हणजे तांदळाची ती चपटी भाकरी असते ना, शेगडीवर फुगते ती.

कोतोने : मला माहितेय. मी सोया सॉस लावून खाते. आणि ही?

ओसानाई : ही दोन वर्षांची.

कोतोने : नाव?

ओसानाई : नाही.

कोतोने : विसरलात?

ओसानाई : मी विसरत नाही. तुझ्या आईनं पहिलीत असताना जे नाव ठेवलं, तेही आठवतंय मला. चमचा. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते, 'तमता' म्हणून हाका मारायची, आणि तो यायचा. त्याची फळी मागे आहे, जाताना बघून जा. या सशिणीला नावच नाहीये, कारण नावं पहिलीची पोरं ठेवतात. तसा नियम आहे. पहिलीत कुणी आलंच नाही.

कोतोने : मी एप्रिलमध्ये जाणारे पहिलीत.

ओसानाई : इथे नाही ना.

कोतोने : नियमात 'इथे' असं कुठेय?

डॉक्टर : बोला, काका.

ओसानाई : नियम... लिहिलेला नाहीये तो.

कोतोने : मग झालं. ती काय करतेय बघू. नाकानं सगळा भुसा ढकलतेय. पुढे-पुढे नेतेय. आमच्या रस्त्यावर पहाटे बर्फ ढकलायला येतो तसं. बुलडोझर.

ओसानाई : मादी आहे ती.

कोतोने : मग काय झालं? बुलडोझर, ये. बघा, कान हलवला. आवडलं तिला.

डॉक्टर : लिहिते. एकतीस नंबर. बुलडोझर.

कोतोने : आजोबा, तुम्ही रडताय का?

ओसानाई : हो. थोडं.

कोतोने : आईसारखं?

ओसानाई : तुझी आई कशासाठी रडतेय ते मला ठाऊक नाही. मला बरं वाटलं म्हणून रडतोय. थांब, सफरचंदाच्या फांद्या देतो तुला, बागेतल्या, औषध न मारलेल्या. दिवसातून एक द्यायची. साल सोलून खातात आणि दात झिजतात. अख्खं सफरचंद द्यायचं नाही, कितीही मागितलं तरी.

कोतोने : तुम्ही एप्रिलमध्ये कुठे जाणार? शाळा तर बंद.

ओसानाई : मी? कुठे नाही. घरीच.

कोतोने : आधी कधी राहिला होतात का नुसतं घरी?

ओसानाई : नाही बुवा. अठराव्या वर्षापासून कामावर आहे.

कोतोने : म्हणजे तुम्हाला पण येत नाही. तुम्ही पण पहिलीत.

डॉक्टर : चल, तुमची टोपली मी गाडीपर्यंत आणते. जड आहे. सावकाश, पायरीवर बर्फ आहे. आई आली बघ.

ओसानाई : मायुमीला म्हणावं, चमचाची फळी डावीकडून तिसरी.

कोतोने : सांगते. आजोबा, मी बुलडोझरचं चित्र काढून पाठवीन. भाकरीचं पण.

ओसानाई : पाठव. पत्ता शाळेचा नको, घरचा घे. डॉक्टरीणबाई देतील.

डॉक्टर : (परत आत येऊन) गेल्या दोघी. मायुमीबाई त्या फळीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आत यायचं धाडस नाही झालं म्हणे, परत रडं येईल.

ओसानाई : चांगली पोर होती. अक्षर माझ्यासारखंच.

डॉक्टर : बरं, मी शेवटचे सहा त्यांच्या घरी पोचवायला गाडीत घालते. अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा.

ओसानाई : टोपल्या किती आणल्यात?

डॉक्टर : आठ.

ओसानाई : मोजूनमापून आणता तुम्ही नेहमी.

डॉक्टर : हो.

ओसानाई : म्हणजे येतानाच ठाऊक होतं.

डॉक्टर : गेल्या आठवड्यात तुमच्या हातावर नवे ओरखडे होते. इथले सगळे तर तेव्हा माझ्या दवाखान्यात होते.

ओसानाई : आणि तरी तासभर मला बोलायला लावलंत.

डॉक्टर : तुम्ही देणार असाल तरच न्यायचे होते.

ओसानाई : कोठी तुमच्या वाटेवरच आहे. दार उघडून देतो. पण एक सांगतो, ही दोघं कुणाला द्यायची नाहीत. ऑपरेशन झालं की माझ्याकडे परत.

डॉक्टर : नर आणि मादी दीड महिना तरी वेगळे ठेवावे लागतील. ऑपरेशन झालं तरी नर लगेच थंड होत नाही. मग एकाच खोक्यात ठेवा, म्हातारपणापर्यंत. घरात. कोठीत नाही.

ओसानाई : बायको ओरडेल.

डॉक्टर : ओरडू दे. तिचीही सही लागेल.

ओसानाई : वायरी कपाटावर ठेवाव्या लागतील तर.

डॉक्टर : कार्डं इथेच भरून घेऊ. सतरा नंबर, नर, तपकिरी. वय?

ओसानाई : चार. कप्तान नाव आहे त्याचं. पहिलीत शेवटची जी पोर आली, तिनं ठेवलेलं; पुढे तिचं घर गाव सोडून गेलं.

डॉक्टर : बावीस. मादी, राखाडी, पोटाला पांढरी. तीन वर्षं. नाव... नंबरच लिहू ना?

ओसानाई : थांबा जरा. ती पोर काय म्हणाली, मी कितवीत?

डॉक्टर : पहिलीत.

ओसानाई : मग लिहा. एप्रिल.