पातळ पत्ती

महाराष्ट्र झाला त्या वर्षीची गोष्ट. पांढरकवड्याच्या दवाखान्यात कुंदा रांगेत बसली होती. पुढच्या बाकावर सनईवाले पंजाबराव आणि त्यांना सनईच्या तोंडाशी बसवून फुंकायच्या पत्त्या करून देणारा उकंडा यांची जुंपली होती.

"खरं सांग उकंडा, माही पत्ती तू मुद्दाम खरवडून राह्यला ना? सनई नुसती चिरकते."

"दादा, हळू बोला."

"कायले हळू? तुहा जावई दुसऱ्या ताफ्यात वाजवते. माही सनई बसली का सारी लग्नं त्याले!"

"जावयाचं नाव नोका घेऊ."

"मंग खरवडली का नाही?"

"खरवडली."

कुंदानं मान वळवून उकंडाकडे रोखून पाहिलं.

"पाह्य, कबूल झाला! कवापासून?"

"दिवाळीपासून. दर खेपेले थोडी थोडी."

"अन् मले सांगतलं नाही?"

"जाड पत्तीले दम लागते, दादा. तुमचा पुरत नव्हता. आता याच्याहून पातळ केली तं फाटन."

पंजाबराव बराच वेळ खोकले.

"तू तं म्हणला होता, तुलेच डॉक्टरले दाखवाचं हाय."

कंपाउंडरनं नाव पुकारलं. ते पंजाबरावांचं होतं.

मांडीवरची सनई त्यांनी उकंडाच्या हाती दिली आणि ते उठले.