घाम पुसायला काढलेली टोपी

नाही, पिल्लं खाली नको सोडूस, पिपा — हातातच धर. एकदा फरशीवर मुतून त्यांनी घर आपलं केलं की मग मला ती परत पाठवायला जमायचं नाही, आणि हे तुझ्या वडिलांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर तुला पाठवलंय. दर उन्हाळ्यात त्यांच्या शिकारखान्यातली हाउंडांची दोन पिल्लं हा इनॉक गिटिन्स वाढवतो, मग यंदा का नाही, असंच ना? आणि हा कागद — कोर्टानं मला दोषी ठरवलं, त्यावर अपील करणार नाही म्हणून सही कर आणि मरेपर्यंत या घरात राहा. घर त्यांचंच, काय म्हणणार मी? बस. चहा घे, चहावर माझा राग नाही.

तुझ्यावरही नाही. म्हणजे — नव्हता म्हण. माझी साक्ष झाली तेव्हा तू बाहेर साक्षीदारांच्या खोलीत होतीस, म्हणून सांगतो. ती वकीलबाई — हाउंडांना 'कुत्री' म्हणत होती सारखी, जाऊ दे — तिनं पडद्यावर शिकारीच्या दिवशीचं ते चित्रण लावलं आणि विचारलं, 'मिस्टर गिटिन्स, कोल्हा झुडपातून निघाला आणि तुम्ही टोपी काढून हात लांब केलात, तो कशाला?' मी म्हटलं, घाम पुसायला. जानेवारीत! तळ्यावर बर्फ होता! सगळं कोर्ट हसलं. अगं, कोल्हा दिसला की ओरडायचं, नाहीतर टोपी काढून तो गेला तिकडं धरायची, म्हणजे हाउंड त्याच्यामागं घालता येतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. चाळीस वर्षांची सवय आहे हाताला. हाउंड घेऊन कोल्हा मारायला बंदीचा कायदा होऊन वीस वर्षं झाली, पण हाताला कोण सांगणार?

मग तुझे वडील उभे राहिले. काय तो रुबाब! 'आम्ही कायदा पाळतो, कोल्ह्यामागं जात नाही. इनॉक वास लावलेलं फडकं शेतातून ओढत नेतो, हाउंड त्याच्यामागं धावतात. मी त्याला खालच्या कुरणात ओढायला सांगितलं होतं. वर रानापाशी तो काय करत होता, त्यालाच विचारा.' मलाच विचारा! ओढलंच होतं की मी फडकं, दोन फेऱ्या मारल्या कुरणात — आता ओलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. वासाच्या बाटलीचं झाकण नोव्हेंबरपासून कुणी — असं बघू नकोस, तुला काय माहीत नव्हतं? 'इनॉक, फडकं दिसलं पाहिजे, बाकी काही नको,' हा कुणाचा हुकूम होता? माझा?

ते मोठे लोक, ते असंच करणार, माझ्या बापाशीही असंच वागले. पण तू? तुला पहिल्यांदा तट्टावर कुणी बसवलं? पडलीस तेव्हा गुडघ्यातले खडे कुणी काढले? आणि तो कोल्हा — पहिल्यांदा कुणी पाहिला, सांग बघू. मी नाही. तू माझ्याजवळच होतीस, रिकिबीत ताठ उभी राहिलीस, ओरडायला तोंड उघडलंस — आणि कुंपणाआड कॅमेरा होता, तो मला दिसला, तुला नाही. तू ओरडली असतीस तर तुझा आवाज त्यात गेला असता, खटला तुझ्यावर झाला असता. म्हणून काढली टोपी. टोपी बघितलीस, ओरडायचं कारण उरलं नाही, आणि गप्प झालीस. सवय-बिवय काही नाही गं, सवय गेली कधीच.

हे सांगणार नव्हतो मी. गेलं तोंडातून.

ते केलं त्याचं काही वाटत नाही, उद्याही करीन. पण शपथ घेऊन तू काय म्हणालीस? 'मी दुसरीकडे बघत होते. इनॉकला जुन्या सवयी सोडवत नाहीत.' शिकवलेलं बोललीस, पण तोंड तुझंच होतं ना! तिथं उभा राहून ऐकलं मी ते, आणि माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाहीस. कोर्ट गेलं खड्ड्यात, इथं कुणी नाही, कॅमेरा नाही. एकदाच म्हण, इनॉक, मी पाहिला होता कोल्हा. एवढंच. मग आण तो कागद, दहा सह्या करतो, पिल्लंही ठेवून घेतो.

बोल की.

तिकडं खिडकीत काय आहे? मी इकडं आहे.

बरं. उठा, मिस फिलिपा. तो कागद घ्या, पिल्लं सांभाळून न्या, आणि वडिलांना म्हणावं, घर रिकामं करतो. या तुम्ही.